पावसाळ्यात सीपॅप पुन्हापुन्हा का बिनसते? कोकणातल्या घरासाठी तपासणीचा क्रम

सीपॅप म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास अडणाऱ्यांसाठी मास्कमधून दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवणारे मशीन. पावसाळ्यातली तक्रार साधारण अशी असते. मे संपेपर्यंत सगळे ठीक चाललेले असते. मृग लागतो, पाऊस आठ-दहा दिवस धरून राहतो आणि सकाळी डोके जड व्हायला लागते. रात्री नळीत गुळगुळ आवाज येतो, तीन-चारच्या सुमाराला नाकावर गार पाण्याचा थेंब पडून जाग येते, मग मास्क काढून उशीशेजारी ठेवला जातो तो सकाळपर्यंत. दोन दिवसांनी घरातून ऐकू येते, "अहो, परत घोरायला लागलात." कोणी प्रेशर वाढवून घेतो, कोणी नव्या मशीनची चौकशी करतो, आणि बरेच जण गणपतीनंतर बघू म्हणून मशीन कपाटावर ठेवून देतात. यातला शेवटचा मार्ग सर्वांत घातक आहे. मास्क नसलेल्या प्रत्येक रात्री घसा पहिल्यासारखाच बंद होत राहतो, आणि रक्तदाब, हृदय व दिवसाची झोप यांवरचा ताण पुन्हा सुरू होतो.

किनारपट्टीवर पावसात बिनसलेल्या सीपॅपचे प्रेशर बहुतेक वेळा बरोबरच असते. बिघडते ते नाक, नळीतली हवा आणि मास्कची पकड. एकाने दुसरे बिघडते, म्हणून तपासणीही क्रमाने करावी लागते. एका रात्री एकच गोष्ट बदला आणि निदान तीन रात्री तशीच ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

आधी आकडे

मशीनच्या पडद्यावर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर रोजचा अहवाल असतो. त्यातले तीन आकडे पुरेसे आहेत: किती तास वापर झाला, गळती किती आणि एएचआय किती. एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास पूर्ण थांबण्याचे किंवा अर्धवट अडण्याचे प्रसंग. असा प्रत्येक प्रसंग किमान 10 सेकंदांचा धरतात. निदानाच्या वेळी 5 ते 15 म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. मशीन लावून झोपल्यावर हा आकडा 5 च्या खाली राहायला हवा. गळतीसाठी रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला 24 लिटर ही वरची मर्यादा धरतात. फिलिप्सची अनेक मशीन मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवाही मोजून आकडा दाखवतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या मशीनवरच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नका. आपलाच मे महिन्यातला आकडा आणि आजचा आकडा, एवढीच तुलना कामाची.

तास कमी झाले पण गळती आणि एएचआय जागेवर आहेत, तर त्रास सोयीचा आहे: नळीत पाणी, घाम, कोंदटपणा. गळती वाढली आणि तिच्याबरोबर एएचआयही वाढला, तर मास्क किंवा उघडे तोंड. गळती जागेवर असून एएचआय एकटाच वर गेला, तर मात्र मास्कशी खेळत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा. बहुतेक मशीनमध्ये एसडी कार्ड असते. ते संगणकाला लावून ऑस्कर नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये रात्रीचा पूर्ण आलेख दिसतो. गळती दहा वाजल्यापासून आहे की पहाटे तीनला सुरू होते, हे त्यात स्पष्ट कळते आणि निम्मे निदान तिथेच होते.

नाक

पावसाळ्यात कोकणातल्या घराच्या भिंतींना ओल येते. कपाटामागे, गादीखाली, उशीच्या अभ्र्यात बुरशी धरते. त्या बुरशीने आणि धुळीतल्या किड्यांनी नाक सुजते. नाक बंद झाले की झोपेत तोंड उघडते. नाकावरचा मास्क असेल तर मशीनची हवा घशातून तोंडावाटे बाहेर जाते, गळती वाढते, घशातला दाब कमी होतो आणि ऑटो मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर आपोआप बदलणारे, तो भरून काढायला प्रेशर चढवत जाते. वाढलेल्या प्रेशरने मास्क गालावरून उचलला जातो आणि माणूस जागा होतो. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असेल तर तोंड उघडे राहिले होते, हे नक्की समजा. अशा वेळी मशीनचे कमाल प्रेशर वाढवले तर गळती आणखी वाढते.

झोपण्यापूर्वी नाक मिठाच्या पाण्याने धुवा. पाव लिटर पाणी खळखळून उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात 2 ते 2.5 ग्रॅम, म्हणजे लहान चमचा अर्ध्यापेक्षा किंचित कमी भरेल एवढे, आयोडीन नसलेले मीठ घाला. विहिरीचे किंवा नळाचे पाणी न उकळता नाकात घालू नका. त्यातले जंतू नाकावाटे आत गेले तर क्वचित जिवावर बेतते. मेडिकलमध्ये मिळणारा सलाइनचा स्प्रेही चालतो. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिला असेल तर तो रोज घ्यायचा असतो. त्याचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून तो पाऊस लागायच्या आधीच सुरू करण्याबद्दल विचारा. स्प्रेचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवा. नाहीतर पडदा सोलवटून रक्त येते. नाक क्षणात मोकळे करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत. ते सोडले की नाक आधीपेक्षा घट्ट बंद होते आणि थेंबांची सवय जडते.

पलंग भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा. पाऊस उघडेल त्या दिवशी गादी, उशा बाहेर काढून उन्हात टाका. उशी दोन पावसाळे झाले की बदला.

नळीतले पाणी

हे का होते ते कळले की उपाय आपोआप सुचतो. ह्युमिडिफायरच्या टाकीखालची तबकडी पाणी तापवते आणि मशीनमधून निघणारी हवा कोमट, बाष्पाने भरलेली होते. ती सहा फूट नळीतून जाताना थंड झाली की भाताच्या टोपावरच्या झाकणासारखे आतून थेंब धरतात. पावसाळ्यात बाहेरची हवाच 85-90 टक्के आर्द्रतेची असते, तिच्यात आणखी बाष्प घातले की ते मावत नाही. त्यात रात्री दहाला खोली 29 अंशांवर असते आणि पहाटे पावसाची मोठी सर येऊन गेली की 25 वर येते. दहा वाजता बरोबर वाटलेली सेटिंग चारला चुकीची ठरते, ती यामुळे. म्हणून पाण्याचा त्रास नेहमी पहाटेच होतो.

एसी नसलेल्या, पंख्यावर चालणाऱ्या खोलीत जून ते सप्टेंबर ह्युमिडिफायर बंद ठेवून पाहा. टाकी रिकामी आणि कोरडी करून जागेवर लावा आणि हीटर बंद करा. बहुतेकांना या हवेत वेगळ्या बाष्पाची गरजच नसते. नाक कोरडे पडलेच तर एकवर घ्या, तीन रात्री थांबा, मग लागले तर दोनवर.

एसी असेल तर गणित उलटे होते. एसी हवेतले बाष्प काढून घेतो, त्यामुळे नाकाला बाष्प हवे असते, आणि त्याच वेळी नळीवर गार झोत पडत असतो. एसी 26 वर ठेवा, पाती नळीकडून दुसरीकडे वळवा, ह्युमिडिफायर तीनच्या आसपास ठेवा. मशीनला तापणारी नळी बसत असेल तर तीच घ्या आणि 27-28 अंशांवर लावा. या त्रासावर तिच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. ती बसत नसेल तर जुन्या सुती साडीच्या दुहेरी पट्टीची खोळ शिवून नळीवर चढवा, किंवा नळी गोधडीखालून घ्या.

मशीन उशीच्या पातळीच्या खाली असावे, म्हणजे धरलेले थेंब नाकाकडे न येता मागे ओघळतात. मात्र शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा लादीवर थेट ठेवू नका. तिथली धूळ मशीन ओढून घेते आणि मुंग्याही लागतात. एक पाट ठेवून त्यावर मशीन ठेवले की उंची बरोबर बसते. मधल्या भागात नळी लोंबती राहिली तर त्या खोलगट जागी पाणी साचते आणि गुळगुळ सुरू होते. रात्री तसा आवाज आला तर नळी मास्ककडून आणि मशीनकडून, दोन्हीकडून सोडवा आणि एक टोक खाली धरून भांड्यात निथळा. मशीनला जोडलेली असताना वर उचलून झटकू नका. ते पाणी मोटरपर्यंत गेले तर दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे मतलई वारे सुटले आणि हवा कोरडी झाली की हीच सेटिंग उलट त्रास देते: नाकातून रक्त, घसा खवखवणे. तेव्हा चार-पाचपर्यंत वर घ्या. वर्षातून दोनदा, मृगाला आणि दिवाळीनंतर, ह्युमिडिफायर बदलायचा हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मास्क

गळती वाढली की पहिला हात पट्ट्याकडे जातो आणि पट्टा आवळला जातो. बहुतेक मास्कमध्ये कुशनला, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाला, दुहेरी कड असते. आतली पातळ कड हवेच्या दाबाने फुगून चेहऱ्याला बसते. पट्टा आवळला की ती चेपते, फुगायला जागा राहत नाही आणि गळती आणखी वाढते, वर नाकाच्या दांड्यावर जखम होते ती वेगळीच. मास्क बसवायची रीत अशी: मशीन सुरू करा, रात्रीच्याच उशीवर, रात्रीच्याच कुशीवर झोपा, सगळे पट्टे सैल करा, मास्क दोन्ही हातांनी चेहऱ्यापासून अर्धा इंच पुढे उचलून परत टेकवा, मग आधी वरचे आणि नंतर खालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. आरशासमोर बसून बसवलेला मास्क आडवे झाल्यावर सरकतो, कारण गालाचे मांस बाजूला जाते.

आपल्याकडे एक कारण फार सापडते: खोबरेल. रात्री डोक्याला तेल चोपडून झोपायची सवय असते. ते कपाळावर, कानशिलांवर उतरते, सिलिकॉनची कड निसरडी होते आणि हळूहळू चिकट, पिवळट पडून आकार सोडते. तेल सकाळी आंघोळीआधी लावा. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुऊन कोरडा पुसा, क्रीमही नको. मे महिन्यातल्या आणि पावसाआधीच्या घामानेही मास्क सरकतो. त्याला पंख्याचा वारा चेहऱ्यावर, नळीवर नव्हे, आणि कपाळपट्टीखाली पातळ सुती कापड, एवढ्याने भागते. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांवर मात्र कापड किंवा चादर येऊ देऊ नका. उच्छ्वासाची हवा तिथूनच बाहेर जाते.

कुशन साधारण तीन महिन्यांनी बदलावे लागते, आपल्या दमट हवेत कधी त्याआधीच. ते उजेडासमोर धरा. कडेला लाटा, बारीक चीर किंवा काळे ठिपके दिसले तर ते बाद. पट्ट्यांचे इलॅस्टिक सहा महिन्यांत ढिले होते आणि आवळावेसे वाटू लागते, तेव्हाही उपाय नवा पट्टा हाच.

नाक मोकळे असूनही तोंड उघडेच राहत असेल तर हनुवटीचा पट्टा काहींना पुरतो. बाकीच्यांना नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यावा लागतो. त्यात एक लहान झडप असते. वीज गेली की ती उघडून बाहेरची हवा आत येते. दर आठवड्याला मशीन बंद असताना तिच्याकडे पाहा. क्षार किंवा बुरशीने ती चिकटली असेल तर तो भाग त्याच दिवशी बदला. तोंडाला साधी चिकटपट्टी लावून झोपायचे प्रयोग ऐकू येतात. नाक बंद होणाऱ्या माणसाने ते अजिबात करू नयेत.

धुणे, वाळवणे आणि पाणी

कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने. नळी आणि टाकी आठवड्यातून एकदा. उरलेले पाणी रोज ओतून टाकायचे, रात्रीच्या पाण्यात नवे पाणी घालायचे नाही. डेटॉल, ब्लीच, सुगंधी फिनेल यांतले काहीही नको. त्यांचा अंश रात्रभर फुप्फुसात जातो.

पावसाळ्यात खरी अडचण वाळवण्याची. पडवीत टांगलेली नळी दोन दिवस ओलीच राहते आणि आतल्या वळ्यांत काळपट ठिपके धरतात. नळी धुऊन झटकली की मशीनला जोडा, टाकी रिकामी, हीटर बंद, आणि 15-20 मिनिटे नुसती हवा सोडा. मोटरच्या उबेने ती आतून कोरडी होते. काही मशीन मास्क नसल्याचे ओळखून आपोआप थांबतात. त्यांत हे स्वयंचलित सुरू-बंद तेवढ्यापुरते काढावे लागते. केस वाळवायचे यंत्र किंवा कडक ऊन वापरले तर प्लास्टिक कडक होऊन तडकते. चार महिन्यांपुरत्या तरी दोन नळ्या आणि दोन कुशन आलटून-पालटून वापरणे हा खर्च वाया जात नाही. आतून काळी पडलेली नळी धुऊन परत वापरू नका.

टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो, जांभ्या दगडातल्या पाण्यात लोह असते. दोन्हींचा थर तबकडीवर चढतो, उष्णता नीट पोचत नाही आणि मशीन ह्युमिडिफायरचा दोष दाखवू लागते. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. अगदी अडले तर उकळून गार केलेले किंवा आरओचे पाणी चालेल, पण दोन-चार दिवसांपुरतेच. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी सुटे मिळणारे पाणी नको. ते श्वासासाठी तयार केलेले नसते आणि कॅन कुठले असतील सांगता येत नाही. पांढरा थर धरला असेल तर 1 भाग साधे व्हिनेगर आणि 10 भाग पाणी टाकीत भरा, थोडा वेळ ठेवा, चोळून दोन-तीनदा स्वच्छ धुवा.

मागचा पांढरा फिल्टर महिन्याने बदला, धुऊ नका. फेब्रुवारी ते मे भाजावळीचा धूर असतो, काजूच्या भट्टीजवळ घर असेल तर त्याचा, घरात चूल असेल तर तिचा. तेव्हा दर पंधरा दिवसांनी फिल्टर पाहा, करडा झाला की बदला. डासांची कॉइल मशीनजवळ लावू नका. मशीन तो धूर थेट नाकात ढकलते. मच्छरदाणी हा चांगला मार्ग आहे, नळी तिच्या खालच्या कडेतून घेता येते. खाऱ्या हवेने प्लगच्या पिनांवर हिरवट थर धरतो, मग मशीन मध्येच बंद पडून सुरू होते. प्लग काढून कोरड्या कापडाने पिना पुसत जा.

ओझोन सोडून मशीन निर्जंतुक करणारी यंत्रे विकली जातात, ती घेऊ नका. फिलिप्सने जून 2021 मध्ये ड्रीमस्टेशनच्या पहिल्या पिढीसह लाखो मशीन जगभरातून परत मागवली, ती आतला आवाज शोषणारा फोम झिजून कण आणि वायू श्वासात येत होते म्हणून. उष्ण, दमट हवेत आणि ओझोनने हा फोम लवकर झिजतो. वापरलेले मशीन स्वस्तात विकत घेत असाल तर त्याचा अनुक्रमांक या परत मागवलेल्यांत आहे का ते आधी तपासा. नळीत काळे कण दिसले तर डॉक्टरांना लगेच कळवा, पण त्यांच्याशी न बोलता उपचार थांबवू नका.

लाइट गेली तर

जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवीही पावसात फांदी पडली की रात्र अंधारात जाते. त्यामुळे विजेची सोय हा उपचाराचाच भाग धरा.

ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद असेल तर प्रेशर 10 च्या आसपास असताना मशीन सरासरी 10-15 वॅट घेते. दोन्ही चालू असतील तर 50-60, कधी त्याहून जास्त. घरातल्या 150 एएचच्या 12 व्होल्ट बॅटरीत कागदावर 1,800 वॅट-तास असतात. बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च वजा केला की हाती साधारण 700 उरतात. साधा पंखा 75 वॅट आणि मशीन 15 वॅट म्हणजे जेमतेम आठ तास. ह्युमिडिफायर लावला तर पाच तासांत काम संपते. बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आत चालतो, तो बसवला तर याच बॅटरीवर दोन रात्री निघतात. हिशेब करून पाहा आणि लाइट जायच्या आधी एकदा पूर्ण रात्र प्रत्यक्ष चालवून खात्री करा. जुनी बॅटरी कागदावरच्या आकड्याला जागत नाही.

इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचाच हवा. स्क्वेअरवेव्हवर अ‍ॅडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. मशीन 24 व्होल्टचे असेल तर 12 व्होल्टच्या बॅटरीला थेट तारा जोडू नका, त्या मॉडेलसाठीचा कन्व्हर्टर घ्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग काढून मशीन बॅटरीवर चालवा. महावितरणचा पुरवठा वरखाली होणाऱ्या वाडीत स्टॅबिलायझर आणि चांगले अर्थिंग लागतेच.

सगळेच संपले तर त्या रात्री पाठीवर झोपू नका. कुशीवर, डोक्याकडची बाजू वीतभर उंच करून झोपा, दारू आणि झोपेची गोळी पूर्ण टाळा. हा मशीनला पर्याय नाही, पण पाठीवर झोपण्यापेक्षा घसा कमी वेळा बंद होतो.

गणपती आणि दुपारची झोप

मुंबईहून येणारे बरेच जण पाच-सात दिवसांसाठी मशीन कशाला म्हणून ते तिकडेच ठेवतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत भजनांची जागरणे, अवेळी जेवण आणि परतीचे ड्रायव्हिंग असते. कशेडीच्या किंवा परशुराम घाटात डुलकी लागायला चार रात्री मशीनशिवाय काढलेल्या पुरतात. मशीन हातातल्या पिशवीत न्या, टाकी रिकामी करून, तीन मीटरची चांगली एक्स्टेन्शन सोबत घेऊन. माजघरात वीस माणसे झोपतात तिथे प्लग लांबच असतो. रेल्वेच्या डब्यातल्या मोबाइल चार्जिंगच्या पॉइंटवर मशीन लावू नका. तो त्यासाठी नसतो आणि बऱ्याच गाड्यांत रात्री बंद ठेवतात.

जेवणानंतरची वामकुक्षी मास्कशिवाय होते आणि ती दीड-दोन तास लांबते. त्या झोपेतही घसा तसाच बंद होतो आणि रात्रीची झोप तुटक होते. एक तर मास्क लावून झोपा, नाहीतर वीस मिनिटांत उठा. पहाटे बंदरावर जाणाऱ्यांची झोप दोन तुकड्यांत होते, त्यांनी दोन्ही तुकड्यांना मास्क लावायचा. रात्री 4 तास हा आकडा नियमित वापर मोजण्यासाठी ठरवलेली किमान मर्यादा आहे. उपचार झोपेच्या प्रत्येक तासाला लागू आहे.

डॉक्टरांकडे केव्हा

गळती नीट, तास पूर्ण, तरी आठवडाभर एएचआय 5 च्या वर राहिला, तर कारण शरीरात शोधायचे. पहिले वजन. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात वजन 10 टक्क्यांनी वाढले तेव्हा एएचआय सरासरी 32 टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि 10 टक्के घटले तेव्हा 26 टक्क्यांनी उतरला. मशीन सुरू केले तेव्हाचे वजन लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी काटा पाहा. दुसरे म्हणजे माडी असो की विदेशी, संध्याकाळी घेतलेली दारू घशाचे स्नायू सैल करते. झोपेच्या आणि काही दुखण्याच्या गोळ्यांचेही तसेच. थायरॉइड मंदावला असेल तरी हेच होते.

अहवालात ‘सेंट्रल’ प्रकारचे प्रसंग वाढलेले दिसले तर प्रेशर वाढवणे उलट पडू शकते, कारण तिथे घसा मोकळा असून मेंदूकडून श्वासाचा इशारा येत नसतो. हृदयाचा जुना आजार असणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. सकाळी पोट फुगून ढेकरा येत असतील तर हवा गिळली जाते आहे. श्वास सोडताना दाब कमी करणारी सेटिंग वाढवून पाहा, नाही थांबले तर प्रेशरबद्दल डॉक्टरांना विचारा. रॅम्प (सुरुवातीला प्रेशर हळूहळू चढवणारी सेटिंग), बाष्प, नळीचे तापमान तुम्ही बदलायचे, किमान आणि कमाल प्रेशर डॉक्टरांनी.

पाच वर्षे झालेले मशीन, मोठा आवाज, पडद्यावर मोटरचे आयुष्य संपल्याचा संदेश, किंवा वजनात मोठा बदल, यांपैकी काहीही असेल तर तपासणी पुन्हा करून घ्या. बहुतेकांना ती घरीच एका रात्रीत होते. छातीत दुखणे, रात्री दम लागून उठून बसावे लागणे, पायांवर सूज, गाडी चालवताना डोळा लागणे, यांना पावसाळा संपण्याची वाट पाहायची नसते.

मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्याला, जिथे तुमचे डॉक्टर असतील तिथे जाताना अर्धा दिवस प्रवासात जातो, म्हणून एकाच खेपेत काम होईल असे जा: एसडी कार्ड, मास्क पट्ट्यांसह, त्याचे नाव आणि माप, अ‍ॅडॅप्टर, चालू औषधांची यादी, आजचे वजन आणि गेल्या महिन्याचा अहवाल. मशीन नेत असाल तर टाकी घरीच रिकामी करून निघा.